सोन्याचं जुनं घड्याळ घेताय? मग सोनं सगळ्यात शेवटी बघा

ह्या महिन्याच्या पत्रांमध्ये एकच विषय उठून दिसला, जुनी सोन्याची मनगटी घड्याळं. कोणाला घ्यायचंय, कोणाला विकायचंय, कोणाची त्यावरून भावाशी जुंपलीय. जमतील तेवढी उत्तरं देतो. काही पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: दादा नमस्कार, एका डीलरनं मला ओमेगा कॉन्स्टेलेशन ऑफर केलंय, १९५३चं आहे म्हणतो, १८ कॅरेट सोन्याचं, अतिशय दुर्मिळ पीस, फक्त कलेक्टर लोकांनाच दाखवतोय आणि लवकर हो-नाही सांगा कारण दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. फोटो बघितले तर डायल एकदम कोरी करकरीत, सोनं नुसतं चमचम करतंय. बॉक्स आणि पेपर नाहीत. घड्याळ फार आवडलंय पण पोटात गोळा आलाय, नक्की काय काय बघू? (नवखा कलेक्टर)

उत्तर: अहो, "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" हे वाक्य त्या घड्याळापेक्षा जुनं आहे. तयार असेल तर त्याला देऊ दे. सत्तर वर्षं थांबलेलं घड्याळ अजून एक आठवडा थांबलं तर काही बिघडत नाही.

आधी दुर्मिळ ह्या शब्दाचं बघू. कॉन्स्टेलेशन ओमेगानं १९५२ साली आणलं आणि ते भरपूर बनलं, भरपूर विकलं गेलं, त्यामुळे नुसतं कॉन्स्टेलेशन आहे म्हणून ते दुर्मिळ होत नाही. डीलरला सरळ विचारा, कशात दुर्मिळ? धातूत, डायलमध्ये, का त्या रेफरन्स नंबरमध्ये, म्हणजे कंपनीच्या मॉडेल नंबरमध्ये? ज्याला खरंच उत्तर माहितीय तो दोन वाक्यांत सांगेल, ज्याला माहीत नाही तो परत दुसऱ्या गिऱ्हाईकाची गोष्ट सांगेल. खरं दुर्मिळ म्हणजे काय त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, पाटेक फिलीप ह्या स्विस कंपनीचं रेफरन्स २४९९ हे १९५१ ते १९८५ एवढ्या वर्षांत मिळून ३४९ बनलं असं मानतात. तिथे दुर्मिळ शब्द शोभतो. आणि दुर्मिळ असलं तरी ते कोणाला तरी हवं असावं लागतं, कोणी न घेतल्यामुळे कमी बनलेली मॉडेलंही असतातच की.

आता डायल. तुम्हाला जी गोष्ट बघून आनंद झाला तिच्यावरच मला पहिला संशय आहे. एवढ्या जुन्या घड्याळाची डायल कोरी करकरीत असू शकते, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा ती नव्याने रंगवलेली असते, ज्याला धंद्यात रीडायल म्हणतात. भिंग घ्या, साधं दहापटीचं चालेल. अक्षरांच्या कडा फुगलेल्या किंवा तुटक आहेत का, मिनिटांच्या रेघा सगळीकडे सारख्या जाडीच्या आहेत का, रेघा तासाच्या खुणांच्या मधोमध येतात का बाजूला सरकल्यात, सहाच्या खाली स्विस मेड लिहिलेलं आहे का आणि ते कडेखाली अर्धं कापलं गेलंय का. कॉन्स्टेलेशनची जी प्रसिद्ध पाय-पॅन डायल असते, मधे सपाट आणि कडेला बारा पैलूंनी उतरती, तिचे पैलू धारदार दिसायला हवेत, रंगवलेल्या डायलवर ते थराखाली बोथट होतात. नंतर त्याच रेफरन्सच्या खात्रीच्या घड्याळांचे फोटो शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे पण पैसे ह्यातच वाचतात.

मग केस. सोनं मऊ असतं आणि चमचमणारं जुनं सोनं म्हणजे कोणीतरी बफवर धरलेलं सोनं. प्रत्येक पॉलिशला थोडं सोनं निघून जातं आणि सगळ्यात आधी जातात त्या कडा, पट्टा जिथे अडकतो त्या कानांच्या म्हणजे लगच्या कडा. लगवर जिथे सपाट भाग आणि उतरता भाग मिळतात तिथे रेघ स्पष्ट हवी. चारी लग सारखे जाड आहेत का बघा. मागच्या झाकणावर वेधशाळा आणि आठ तारे असतात, ते तारे नुसत्या डोळ्यांना आठ मोजता आले पाहिजेत, वेधशाळेच्या घुमटाच्या रेघा पुसट झाल्या असतील तर केसला बरंच घासलंय. बारीक ओरखडे असलेली पण कडा शाबूत असलेली केस मी कधीही पसंत करेन.

तिसरं मशीन, आणि ते उघडल्याशिवाय कळत नाही. उघडून दाखवायला नको म्हणाला तर तिथेच नमस्कार करून निघा, कितीही गोड बोलला तरी. त्या काळातलं ओमेगाचं मशीन तांबूस रंगाचं असतं, त्यावर सिरियल नंबर असतो, कॅलिबरचा म्हणजे मशीनच्या प्रकाराचा नंबर असतो, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला केसचा रेफरन्स आणि सोन्याचे शिक्के असतात. हे सगळं एका काळाचं हवं. सुरुवातीची कॉन्स्टेलेशन बंपर ऑटोमॅटिक होती, म्हणजे आतला लोलक पूर्ण गोल फिरत नाही, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर आपटून परत येतो, घड्याळ हलवलं तर हाताला ते हलकं टकटक जाणवतं. पूर्ण गोल फिरणारा रोटर पन्नाशीच्या मध्यापासून आला. आता डीलर १९५३ म्हणतोय आणि आत निघालं कॅलिबर ५६१, जे पुढच्या काळातलं तारखेचं मशीन आहे, तर एक तर साल चुकीचंय नाही तर मशीन दुसरीकडचंय, आणि दोन्ही गोष्टींचा जाब मागायला हवा. चावी म्हणजे बाजूचं फिरवायचं बटण, ते पण बघा, ह्या घराण्यातल्या बऱ्याच मॉडेलांवर दहा पैलूंची चावी यायची, सर्व्हिसिंगमध्ये ती बदलून साधी गोल लावलेली सर्रास दिसते. त्यानं आभाळ कोसळत नाही, भावात मात्र ते दिसायला हवं.

बॉक्स-पेपर नाहीत ह्याची काळजी करू नका. पन्नाशीतल्या घड्याळांबरोबर ते क्वचितच येतात, आणि रिकामे जुने बॉक्स वेगळे विकत मिळतात, त्यामुळे बॉक्स आहे म्हणजे तो ह्याच घड्याळाचा असंही नाही. त्यापेक्षा पावतीवर लिहून घ्या: डायल मूळची आहे, रंगवलेली नाही, केस घन सोन्याची आहे, मशीन मूळचं आहे, आणि ह्यातलं काही खोटं निघालं तर पैसे परत. लिहून द्यायला किती वेळ लावतो ते बघा, अर्धी परीक्षा तिथेच होते.

प्रश्न: सोनं खरं आहे का हे घरच्या घरी कसं ओळखायचं? शिक्के असतात म्हणे, पण मला तर नुसती चित्रं दिसतात. (भिंग घेऊन बसलेला वाचक)

उत्तर: चित्रंच आहेत ती, आणि फार उपयोगाची आहेत. आकडा सोपा आहे, ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४, ३७५ म्हणजे ९. चित्रं देशादेशाची. स्वित्झर्लंडमध्ये १८८०च्या दशकापासून घड्याळाच्या केसवर सरकारी शिक्का असायचा, १८ कॅरेटला हेल्व्हेशिया म्हणजे एका बाईचं मस्तक आणि १४ कॅरेटला खार. १९९५ पासून ते जाऊन सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. म्हणजे कोणी १९५०चं घड्याळ म्हणून दाखवतंय आणि शिक्का कुत्र्याचा, तर ती केस तेव्हाची नाही, विषय संपला. फ्रान्समध्ये १८ कॅरेटला गरुडाचं डोकं असतं.

सगळ्याच घड्याळांवर स्विस शिक्का सापडेल असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये १९०७ पासून बाहेरून आलेल्या केसची पण तिथे तपासणी होऊन शिक्का बसायला लागला, शिवाय मशीन स्वित्झर्लंडचं आणि केस बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीची, ९ कॅरेट, अशी पुष्कळ चांगल्या ब्रँडची घड्याळं तिथे विकली गेली. अमेरिकेत आयात कर वाचवायला नुसती मशीन मागवून केस तिथल्या तिथे बसवायचे, बहुतेक १४ कॅरेट किंवा गोल्ड फिल्ड, म्हणजे वर नुसता सोन्याचा थर. त्यामुळे मोठ्या स्विस ब्रँडचं नाव आणि केस परदेशी दिसली की लगेच बोगस म्हणू नका.

फसगत होते ती सोन्याच्या पातळ थराची. गोल्ड फिल्ड, रोल्ड गोल्ड, गोल्ड कॅप्ड, किंवा २० मायक्रॉन वगैरे लिहिलेलं दिसलं तर ते घन सोनं नाही, आत पितळ किंवा स्टील आहे. १/२० असा अपूर्णांक दिसला तरी तेच. लगच्या टोकांवर, चावीच्या आजूबाजूला, झाकणाच्या कडेला खालचा रंग डोकावतो का बघा, मनगटाचा घाम तिथेच आधी लागतो. गोल्ड कॅप्डमध्ये थर चांगला जाड असतो, दिसायला अगदी सोन्यासारखंच, आणि वापरायला ही घड्याळं झकास असतात, फक्त सोन्याच्या भावात घेऊ नका. आणि शिक्का खोटा मारता येतो हे पण लक्षात असू द्या, शंका असेल तर केस मोकळी करून एक्सरे मशीनवर तपासून घ्या, ओरखडा न काढता धातूचं प्रमाण कळतं. ॲसिडचा थेंब वगैरे जुने उपाय कलेक्टरच्या घड्याळावर कोणाला करू देऊ नका.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ म्हणतो जुनं स्टीलचं घड्याळ सोन्यापेक्षा महाग असतं. मी म्हणतो डोकं फिरलंय का. कोण बरोबर? (मोठा भाऊ)

उत्तर: धाकटे बरोबर आहेत, पण अर्धेच.

पाटेक फिलीपनं १९४१ मध्ये रेफरन्स १५१८ आणलं, पर्पेच्युअल कॅलेंडर (लीप वर्षासकट तारीख आपोआप बदलणारं) आणि क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच) एकत्र असलेलं नियमित बनवलं गेलेलं पहिलं मनगटी घड्याळ. एकूण २८१ बनली असं मानतात, जवळजवळ सगळी सोन्याची, बहुतेक पिवळ्या, काही गुलाबी. स्टीलची आजवर फक्त चार माहितीत आहेत. त्यातलं एक २०१६ साली जिनिव्हात फिलिप्स ह्या लिलावघराच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. कारण सरळ आहे, युद्धाच्या काळात एवढं गुंतागुंतीचं घड्याळ घेणारा माणूस सोनंच मागणार ना, स्टील कशाला घेईल, म्हणून स्टील कमी बनलं आणि आज त्याच्यावर उड्या. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन ह्याचं स्वतःचं रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं ते पण स्टीलचंच, तिथे धातूला कोणी विचारलं नाही, मनगट कोणाचं ते विचारलं.

पण ह्यावरून "स्टील महाग" असा नियम काढू नका. व्हिएतनामचे शेवटचे सम्राट बाओ दाई ह्यांनी १९५४ साली जिनिव्हात घेतलेलं रोलेक्स ६०६२, पिवळ्या सोन्याचं, काळ्या डायलवर हिऱ्यांच्या खुणा असलेलं, ते त्याच २०१७ साली ५० लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. त्या केसमधलं सोनं काढून विकलं तर त्या किमतीत कुठे दिसणारही नाही. आणि काही मॉडेलं स्टीलमध्ये बनलीच नाहीत, रोलेक्स डे-डेट १९५६ मध्ये आलं तेव्हापासून सोनं किंवा प्लॅटिनम, तिथे तुलनाच होत नाही. पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकावर चालणारं, मनगटी घड्याळ, सेइको ॲस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९ ला बाजारात आलं ते सुद्धा १८ कॅरेटचं होतं, किंमत साडेचार लाख येन. ज्या क्वार्ट्झनं पुढे घड्याळ स्वस्त केलं ते जन्माला असं आलं, गंमतच आहे.

अजून एक, ही बाजू धाकट्यांना सांगा. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं आणि त्याच काळात क्वार्ट्झपुढे चावीची घड्याळं कवडीमोल वाटायला लागली होती. सोन्याच्या भट्टीत कितीतरी केस गेल्या, मशीन आणि डायल तशाच डब्यात पडून राहिल्या. म्हणून मूळ मशीन आपल्याच मूळ केसमध्ये असलेलं साधं सोन्याचं घड्याळ सुद्धा आपण समजतो तेवढं सोपं राहिलेलं नाही, आणि त्या अनाथ मशीन पुढे दुसऱ्याच केसमध्ये बसवून विकलेल्या पण सापडतात.

प्रश्न: वडिलांना निवृत्तीच्या वेळी ऑफिसनं सोन्याचं घड्याळ दिलं होतं, मागे त्यांचं नाव आणि तारीख कोरलेली आहे. आम्हाला आता ते कलेक्टरला द्यायचंय. एका दुकानदारानं सांगितलं की आधी कोरलेलं नाव घासून काढा, केस पॉलिश करा, डायल नवीन रंगवून घ्या, मग चांगला भाव येईल. खर्चाचा आकडा पण दिलाय. करू का? (एक लेक)

उत्तर: ताई, काही करू नका. काहीच नाही. त्या दुकानदारानं जी तीन कामं सांगितली ती बरोब्बर तीच तीन आहेत ज्यांनी कलेक्टर पळून जातो.

नाव घासून काढायचं म्हणजे झाकणाचं सोनंच पातळ करायचं, आणि तिरप्या उजेडात धरलं की तिथे आलेला खड्डा दिसतोच, मग घेणारा विचारतो इथे काय लपवलंय. त्यापेक्षा नाव असलेलं बरं. नाव, तारीख, कशासाठी दिलं, ही घड्याळाची स्वतःची कागदपत्रं आहेत. जॉन केनेडींना त्यांच्या ग्रँट नावाच्या मित्रानं सोन्याचं सडपातळ ओमेगा दिलं होतं आणि मागे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असं निवडणूक व्हायच्या आधीच कोरून घेतलं होतं, केवढा आत्मविश्वास बघा. १९६१ च्या शपथविधीला त्यांच्या हातात तेच होतं आणि आज ते ओमेगाच्या म्युझियममध्ये आहे. ते कोरीव काम घासलं असतं तर एक चांगलं जुनं घड्याळ उरलं असतं, बस. तुमचे वडील राष्ट्राध्यक्ष नव्हते हे मान्य, तरी तत्त्व तेच.

डायल थोडी पिवळी पडली असेल, डाग असतील, तरी मूळची असेल तर तिला मान आहे. सगळेच डाग सुंदर नसतात हे पण सांगतो, काही विक्रेते बुरशी आलेल्या डायलला पण पॅटिना म्हणून विकतात. ओल लागून रंगाचे पापुद्रे सुटलेली डायल ही खराबच झालेली डायल आहे, किंमत कमी येणार, पण रंगवून ती वाढत नाही, उलट डायल मूळची आहे हे म्हणायचा हक्क जातो.

घड्याळ बंद असेल तर चालू करायला सुद्धा घाई नको. आतलं तेल वाळलेलं असेल तर चावी देऊन जबरदस्तीनं चालवल्यानं चाकांच्या टोकांची झीज होते. घेणारा ठरवेल सर्व्हिसिंग कोणाकडे करायचं. तुम्हाला स्वतःला ठेवायचं असतं आणि रोज घालायचं असतं तर गोष्ट वेगळी होती, मग डायल वाचता येत नाही म्हणून रंगवली तरी तो तुमचा आनंद, मी कोण सांगणारा. आणि हो, कधीही कुठलाही पार्ट बदलला तर जुना पार्ट पुडीत बांधून परत मागून घ्या, काटे, चावी, काच, सगळं.

प्रश्न: विक्रेत्याकडे कंपनीच्या आर्काइव्हचा उतारा आहे. आता तरी घड्याळ अस्सल आहे ना? (कागदावर विश्वास असलेला)

उत्तर: कागद अस्सल आहे. घड्याळाचं अजून ठरायचंय.

पाटेकसारख्या कंपन्या जुन्या नोंदवह्यांतून उतारा देतात, त्यात मशीनचा नंबर, केसचा नंबर, कोणत्या साली बनलं, कधी विकलं गेलं, धातू कोणता वगैरे येतं, घेणाऱ्याचं नाव येत नाही. म्हणजे त्या नंबरचं घड्याळ कारखान्यातून कसं निघालं तेवढं कळतं. आज तुमच्या हातात असलेलं घड्याळ तसंच आहे का, हे तो कागद कसा सांगणार? डायल नंतर बदलली असेल तर नोंदवहीला काय पत्ता. उतारा हातात घेऊन प्रत्येक ओळ घड्याळाशी जुळवायची असते. उताऱ्यात पिवळं सोनं आणि समोर गुलाबी, किंवा मशीनचा नंबर जुळतोय पण केसचा नाही, अशा गोष्टी फ्रेममध्ये लावलेल्या उताऱ्याखाली आरामात झाकल्या जातात.

आणि फसवणूक कुठवर जाते त्याचं एक उदाहरण, सोन्याचं नाही पण शिकण्यासारखं आहे. २०२१ साली फिलिप्सच्या जिनिव्हातल्या लिलावात ओमेगा स्पीडमास्टर २९१५-१ हे घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकला गेलं. घेतलं खुद्द ओमेगानं, आपल्या म्युझियमसाठी. २०२३ मध्ये ओमेगानंच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे बहुतांश खरे पार्ट जमवून बनवलेलं आहे आणि त्यात आपलेच तीन माजी कर्मचारी गुंतलेले होते. अशा जोडाजोडीला कलेक्टर फ्रँकनवॉच म्हणतात. कंपनीच्याच लोकांचा हात असेल तर कंपनी सुद्धा फसते, मग आपण एक कागद बघून निर्धास्त व्हायचं म्हणजे जरा जास्तच.

प्रश्न: जुन्या सोन्याच्या घड्याळाच्या आकड्यांवर तपकिरी झालेला रंग आहे, अंधारात चमकत नाही. म्हणजे रेडियम संपलं ना? घरात लहान मुलं आहेत. (काळजीत पडलेली आई)

उत्तर: नाही ताई, चमक संपलीय, रेडियम नाही. रेडियमचं अर्धआयुष्य साधारण १६०० वर्षं आहे, ते अजून जवळपास तेवढंच आहे, फक्त ज्या पावडरमुळे प्रकाश पडायचा ती थकलीय. घड्याळ उघडलं नाही, काच शाबूत असली तर फार घाबरायचं कारण नाही, पण घरी उघडायचं नाही, खरवडायचं नाही, फुंकर मारायची नाही. तो रंग पावडर होऊन श्वासात किंवा पोटात जाणं हाच खरा धोका, अमेरिकेत १९२०च्या दशकात ब्रशचं टोक ओठांनी सारखं करत डायल रंगवणाऱ्या मुली त्यानेच आजारी पडल्या आणि कित्येक गेल्या. मुलांच्या हातात देऊ नका, कायम उशाशी ठेवू नका. साठच्या दशकापासून ट्रिटियम आलं, डायलच्या खाली स्विस शब्दाच्या दोन्ही बाजूंना टी अक्षर असेल तर ते ट्रिटियम, त्याचं अर्धआयुष्य बारा वर्षांच्या थोडं वर आहे, ते तुलनेनं बरंच सौम्य. स्विसच्या दोन्ही बाजूंना ग्रीक सिग्मा असेल तर त्याचा चमकण्याशी संबंध नाही, सत्तरच्या दशकातली ती खूण आहे, खुणा आणि काटे सोन्याचे आहेत एवढं सांगणारी.

प्रश्न: लिलावात एस्टिमेटच्या, म्हणजे लिलावघरानं आधी सांगितलेल्या अंदाजी किमतीच्या, खाली मिळालं तर फायदाच ना? (पहिल्यांदा पॅडल उचलणारा)

उत्तर: हातोडा पडतो तो आकडा तुम्ही देता तो आकडा नसतो. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावघराचं घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन बसतं, मोठ्या लिलावघरांत पंचवीस टक्क्यांच्या आसपास किंवा वर, मग कर, मग पाठवण्याचा आणि विम्याचा खर्च. हे सगळं उलटं मोजून आपली मर्यादा घरी कागदावर लिहून जायची. विकणाऱ्याची राखीव किंमत गुप्त असते आणि सहसा खालच्या एस्टिमेटच्या वर नसते, त्यामुळे खाली मिळणं अशक्य नाही, पण मग इतरांनी हात का नाही उचलला ह्याचा विचार आधी करा. कंडिशन रिपोर्ट मागवा आणि त्यात काय लिहिलेलं नाही ते वाचा. डायलबद्दल मौन असेल तर फोन करून थेट विचारा की रंगवलेली आहे का. उत्तर ईमेलवर मागा. लिलावाच्या आधी घड्याळं बघायला ठेवतात तेव्हा जाणं शक्य असेल तर जाच, कॅटलॉगचे फोटो नवरीच्या फोटोसारखे असतात.

प्रश्न: घेतलंय एकदाचं! १९६०च्या आसपासचं, हाताने चावी द्यायचं, तारखेचं. रोज घालू का तिजोरीत ठेवू? (आनंदी माणूस)

उत्तर: अभिनंदन! घाला की. रोज नको, पण घाला, नुसतं पडून राहिलं तरी तेल वाळतंच.

चावी सकाळी एका ठरावीक वेळेला हातातून काढून द्या, मनगटावर असताना दिली तर चावीच्या दांड्यावर तिरका दाब येतो. अडलं की थांबायचं, जोर लावायचा नाही. जास्त चावी देऊन घड्याळ बिघडतं असं लोक म्हणतात ते काही खरं नाही, बिघडतं ते सर्व्हिसिंग न केल्यानं आणि अडल्यावर पिळल्यानं. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलायला जाऊ नका, तेव्हा आतली तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात आणि दात तुटतो, तो पार्ट मिळवताना मग तोंडाला फेस येतो. पाण्यापासून लांब. झाकणावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी ते तेव्हाच्या रबराच्या भरवशावर लिहिलेलं होतं, आता ते रबर कडक होऊन गेलंय. हात धुताना सुद्धा काढून ठेवा. स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, बॅगेचं चुंबकाचं बटण ह्यांच्याजवळ ठेवू नका, अचानक घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर बहुतेक वेळा चुंबकानंच पकडलेलं असतं आणि ते घड्याळजी मिनिटभरात काढून देतो.

विमा उतरवताना चारी बाजूंचे फोटो, आतल्या मशीनचा आणि नंबरांचा फोटो, आणि ती पावती, हे घड्याळापासून वेगळ्या ठिकाणी ठेवा. सोन्याचं बकल मूळचं असेल तर पट्टा बदलताना ते दुकानातच राहणार नाही ह्याकडे नीट लक्ष द्या, मूळ सोन्याच्या बकलला वेगळी किंमत येते आणि नेमकं तेच हरवतं.